घमेलं खाली, थापी हातात

राजूर असो, कोतूळ असो, समशेरपूर असो की ब्राह्मणवाडा, जिथे ऐकत असाल तिथे हातातलं काम चालू राहू द्या. आज मला बोलायचंय घर बांधण्याबद्दल. घर म्हणजे संसार वगैरे नाही हं. विटा, वाळू, सिमेंटचं घर. आणि ते बांधणाऱ्या बाईला मिळणाऱ्या एका कागदाबद्दल.

आधी जरा मागे जाऊ. आपल्याकडे, डांगाणात तर अजूनही, काही ठिकाणी कुडाची घरं दिसतात. कारवीच्या काड्या उभ्या बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी शेणमातीनं लिंपून घ्यायच्या. हे लिंपण कोण करायचं? बाई. मुरूम-माती टाकून, पाणी शिंपडून, चोपून चोपून जमीन कोण करायचं? बाई. माती किती दिवस भिजवायची, भुसा किती घालायचा, तडा का जातो, पावसाच्या आधी कुठली भिंत पुन्हा लिंपायची, ही सगळी अक्कल बायांच्या हातात होती. पुरुष मेढी रोवायचे, आढं-वासे चढवायचे, शाकारायचे. भिंत आणि जमीन मात्र आपली.

मग विटा आल्या, सिमेंट आलं. भिंत तीच, पण तिच्यावर हात फिरवायचं काम थापी घेतलेल्या गवंड्याकडे गेलं. आपल्याकडे काय राहिलं? घमेलं. माल कालवायचा, डोक्यावर घ्यायचा, पहाडावर चढून गवंड्याच्या हाताशी ओतायचा, रिकामं घमेलं घेऊन खाली यायचं. दिवसभर. वीस-वीस वर्षं हे काम करणाऱ्या बाया आपल्या प्रत्येक गावात आहेत. त्यांना विचारा, एका गोणीला किती घमेली वाळू पडते? गवंड्याआधी त्या सांगतील. पण हजेरीत त्यांचं नाव "बिगारी". पहिल्या दिवशीही बिगारी, विसाव्या वर्षीही बिगारी.

लोक म्हणतात, गवंडीकाम बाईला झेपायचं नाही, जड असतं. मला याचं फार नवल वाटतं. जड काय आहे? थापी जड आहे की मालानं भरलेलं घमेलं? जड काम तर बाईच करत आली. हलकं, पण डोक्याचं आणि जास्त मजुरीचं काम दुसऱ्याकडे गेलं. बिगारीचा रोज किती आणि गवंड्याचा किती, हा आकडा मी सांगायला नको. तुमच्या गावचा भाव तुम्हाला माहीत आहे. दोन्ही आकडे मनात शेजारी-शेजारी ठेवा आणि पुढचं ऐका.

एकाच कामाला बाई म्हणून कमी मजुरी देता येत नाही, हा कायदा देशात 1976 साली झाला. मग आपल्याला कमी कशी मिळते? तर "ती गवंडी कुठं आहे, ती मदतनीस आहे" असं म्हटलं की झालं. आपण दोन-चार थर विटा लावतो, पायखान्याची भिंत उचलतो, गिलावाही करतो, तरी नाव मदतनीसच. आपल्याला काम येतं हे दाखवायला आपल्याजवळ काहीच नसतं. हे काहीतरी म्हणजेच प्रमाणपत्र.

शब्दाचीही एक गंमत आहे. आपल्या भाषेत गवंडी पुरुष. गवंडीण म्हटलं तर लोकांना वाटतं गवंड्याची बायको. झारखंडमध्ये तिकडच्या बचत गटांतल्या हजारो बायांनी स्वच्छ भारत मोहिमेत गावोगाव संडास बांधले. तिकडे गवंड्याला राजमिस्त्री म्हणतात. मग या बायांना काय म्हणायचं? राणी मिस्त्री! नाव रुजलं, सरकारी कागदात गेलं. आपल्याकडे कुठला शब्द रुजेल तो रुजेल, पण आधी बाया तर कामावर दिसल्या पाहिजेत.

आणि झारखंडपर्यंत जायचीही गरज नाही. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आपल्यातल्या वयस्कर बायांना आठवत असेल. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते आणि किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली. ती बरीचशी घराखाली दबून गेली. जाड दगड-मातीच्या भिंती, वर मातीचं जड माळवद. दगड एकमेकांत गुंतलेले नव्हते, भिंत दोन पदरांत फाटली आणि माळवद खाली आलं. नंतर घरं दुरुस्त आणि भक्कम करण्याचा मोठा कार्यक्रम सरकारनं घेतला. त्यात प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावोगावच्या बायांना पुढे केलं. त्यांना "संवाद सहायक" म्हणायचे. भिंतीत आरपार दगड का हवा, दारा-खिडकीच्या वर सलग पट्टा का हवा, हे त्या बाया घरोघर समजावायच्या आणि कामावर नजर ठेवायच्या. 2001 साली गुजरातेत भूज हादरलं, तेव्हा मराठवाड्यातल्या बाया तिकडच्या बायांना हे सांगायला गेल्या. साध्या शेतकरी, मजूर घरच्या बाया. बांधकाम कळायला इंजिनिअरच व्हावं लागतं असं नाही, हे तीस वर्षांपूर्वी आपल्याच राज्यात दिसलंय.

त्या काळात मात्र हातातलं काम तपासून कागद देणारी आजची पद्धत नव्हती. कौशल्याच्या पायऱ्या ठरवणारी राष्ट्रीय चौकट 2013 साली आली. तिच्यात प्रत्येक कामाला काय-काय आलं पाहिजे हे लिहिलेलं आहे. शाळेत किती शिकलात यापेक्षा हाताला काय येतं, ते तपासायचं. बांधकामासाठी देशपातळीवर एक कौशल्य परिषद आहे. तिच्या नियमानं परीक्षा होते आणि पास झालं की प्रमाणपत्र मिळतं.

आता हे मिळवायचं कसं? वाटा बऱ्याच आहेत. मी मुख्य तेवढ्या सांगते.

आपल्या सगळ्यात जवळची वाट म्हणजे ग्रामीण गवंडी प्रशिक्षण. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात 2016 पासून हे जोडलेलं आहे. प्रशिक्षण 45 दिवसांचं. याची खरी गोडी अशी की ते बंद खोलीत होत नाही. गावात मंजूर झालेलं खरं घरकुल बांधत बांधत शिकायचं. शिकवणारा अनुभवी गवंडी बरोबर असतो. आखणी, पाया, जोतं, भिंत, चौकट बसवणं, लिंटल, छत, गिलावा, सगळं एकाच घरावर डोळ्यांसमोर होतं. घरकुल लहान असतं, कमीत कमी 25 चौरस मीटर, म्हणजे 269 चौरस फूट. शिकायला हे माप चांगलंच. शेवटी बाहेरचा परीक्षक येतो आणि परीक्षा घेतो.

हे प्रशिक्षण महाराष्ट्रात महाआवास अभियानातही घेतलं गेलं. तुकडी कधी निघते, हे पंचायत समितीच्या घरकुल विभागात विचारायचं. तिथे ग्रामीण गृहनिर्माण अभियंता असतात. एकटीनं जाऊन विचारलं तर "बघू, कळवू" असं उत्तर मिळतं. ग्रामसंघाच्या ठरावासह दहा जणींची नावं लेखी दिली, पोच घेतली, तर तेच टेबल वेगळं बोलतं. आणि तारीख आपणच सुचवायची. भात कापणी-झोडणी उरकली की आपल्याकडच्या कितीतरी जणी नारायणगाव-जुन्नरकडे मजुरीला जातात. त्या जाण्याआधी तुकडी लागली तर माणसं मिळतील. जून-जुलैत लावणीच्या चिखलात, वर घाटघर-रतनवाडीकडच्या पावसात, कोण विटा लावणार? पंचेचाळीस दिवस मजुरी बुडते, हेही आहेच. म्हणून भत्ता मिळणार का, किती, कुठल्या खात्यावर आणि केव्हा, हे नाव देण्याआधी स्पष्ट विचारून घ्या. लाजू नका.

दुसरी वाट, ज्यांना काम आधीपासून येतं त्यांच्यासाठी. याला पूर्वकौशल्याची मान्यता म्हणतात. बोलीत आरपीएल. यात पहिल्यापासून शिकवत बसत नाहीत. थोडी उजळणी होते, राहिलेलं दाखवतात आणि परीक्षा घेतात. पंधरा वर्षं नवऱ्याबरोबर गवंडीकाम केलेल्या बाईला 45 दिवसांची गरजच काय?

तिसरी, पीएम विश्वकर्मा योजना. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली. अठरा कारागिरांत राजमिस्त्री, म्हणजे आपला गवंडी, आहे. नोंदणी सामाईक सेवा केंद्रावर होते, पडताळणी आधी ग्रामपंचायतीत. पाच-सात दिवसांचं मूळ प्रशिक्षण, त्यात दिवसाला 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतची मदत आणि पुढे 5 टक्के व्याजानं कर्ज, पहिल्यांदा 1 लाखापर्यंत. पण यात एक मेख आहे, नीट ऐका. एका कुटुंबातून एकालाच लाभ. नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं मिळून एक कुटुंब. नवऱ्यानं सुतार म्हणून आधीच नाव घातलं असेल तर तुमचा नंबर लागत नाही. म्हणून घरात आधी बोलून घ्या. ज्याच्याकडे आधीच अवजारं, गिऱ्हाईक, ओळख आहे त्याला कागद जास्त उपयोगी, की जिच्याकडे यातलं काहीच नाही तिला? मी तर म्हणेन तिला.

आणि तरुण मुलींसाठी आयटीआय. तिथे गवंडी हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, आठवी पास मुलीला चालतो. तो प्रत्येक आयटीआयमध्ये नसतो, तेव्हा प्रवेशाच्या दिवसांत चौकशी करावी लागते. शिलाई, ब्युटी पार्लर यांच्यापलीकडे मुलींना कोणी काही सुचवतच नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता परीक्षेचं बोलू. बायांना सगळ्यात भीती तिचीच. पाटी-पेन्सिल धरून वर्षं झाली, आता काय परीक्षा द्यायची! पण या परीक्षेचा गाभा हाताचा आहे. नऊ इंची भिंतीचा एखादा कोपरा उचलून दाखवायचा. ओळंबा सोडून भिंत सरळ आहे का बघतात. सांध्यावर सांधा आला का बघतात. खालच्या दोन विटांच्या सांध्यावर वरच्या विटेचं पोट आलं पाहिजे, नाहीतर भिंत त्या रेषेत फाटते. सांधा सगळीकडे सारखा, साधारण 10 मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या जाडीएवढा. विटा आधी भिजवल्या का? कोरडी वीट मालातलं पाणी पिते, माल मरतो. यातलं तुम्हाला नवीन काय आहे? विटा भिजवायचं काम तर रोज तुमच्याकडेच असतं. फक्त "का" हे आजवर कोणी विचारलं नव्हतं.

तोंडी प्रश्न येतात ते असे. भिंतीच्या मालाला प्रमाण काय? एकास सहा, म्हणजे एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू. गिलाव्याला एकास चार. सिमेंटची 50 किलोची गोणी म्हणजे सव्वा घनफूट, त्यामुळे सव्वा घनफुटाची लाकडी पेटी केली की वाळूचं माप बिनचूक येतं. पाणी घातलेला माल किती वेळात संपवायचा? अर्ध्या तासाच्या आसपास. दुपारी जेवायला जाताना कालवून ठेवलेला आणि आल्यावर पुन्हा पाणी मारून जिवंत केलेला माल हा जिवंत नसतो, हे ठेकेदाराला सांगायची हिंमत पण याच अभ्यासानं येते. एका दिवसात भिंत किती उचलायची? पाच फुटांच्या वर नको. पाणी किती दिवस मारायचं? हल्ली बाजारात बहुतेक राखमिश्रित सिमेंट असतं, त्याला कमीत कमी दहा दिवस, उन्हाळ्यात चौदा.

काटकोनाचा प्रश्न हमखास असतो, आणि मला तो फार आवडतो. आखणी करताना कोपरा सरळ आहे हे गुण्या नसेल तर कसं ओळखाल? एका दोरीवर 3 फुटांवर खूण करा, दुसऱ्या दोरीवर 4 फुटांवर. दोन खुणांमधलं अंतर तिरपं मोजा. बरोबर 5 फूट आलं तर कोपरा काटकोनात. कमी-जास्त आलं तर दोरी सरकवा. घरी अंगणात सुतळी घेऊन एकदा करून बघा. पोरांनाही दाखवा, त्यांच्या शाळेच्या पुस्तकात हेच पायथागोरसच्या नावानं येतं.

लिहिता-वाचता येत नसेल तर ते पहिल्याच दिवशी सांगा. शेवटच्या दिवशी सांगून धावपळ होते. आणि सुरक्षेचे प्रश्न सोडून देऊ नका. हेल्मेट, बूट, हातमोजे. सिमेंटनं हाताची साल निघते, बोटांच्या बेचक्यांत भेगा पडतात. हे नशिबात लिहिलेलं नाही, हातमोज्यानं टळतं.

कागद मिळाल्यावर काय होतं? खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी कोणी हार घेऊन दारात येत नाही. ठेकेदार कागद बघतो आणि म्हणतो, "ठीक आहे, भिंत करून दाखव." ते रास्तच आहे. पण आधी ही भिंत करून दाखवायची वेळच येत नव्हती. आणि मजुरी ठरवताना "तू मदतनीस" हे म्हणणं त्याला अवघड जातं.

कागदाबरोबर आणखी एक काम करून टाका. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी. वय 18 ते 60, आणि मागच्या वर्षभरात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला. ही नोंदणी बिगारी बाईलाही करता येते, गवंड्याचं प्रमाणपत्र लागत नाही. मोठ्या बांधकामांच्या खर्चावर 1 टक्का उपकर घेतला जातो, त्यातून हे मंडळ चालतं. मुलांच्या शिक्षणाला, बाळंतपणाला, आजारपणाला मदत असते. नव्वद दिवसांच्या दाखल्यासाठी रोजच्या रोज वहीत लिहा: तारीख, कुणाच्या घराचं काम, ठेकेदार कोण. गटाची बचतवही इतकी नीट ठेवतो, मग हजेरीची का नाही?

काम मिळेल का, हा प्रश्न तुमच्या मनात असेलच. घरकुल योजनेला 2024 साली केंद्रानं पुढची पाच वर्षं दिली, देशात आणखी 2 कोटी घरांसाठी. आपल्या आदिवासी भागात शबरी योजनेचीही घरकुलं असतात. हप्ता येतो आणि गवंडी मिळत नाही, म्हणून घर जोत्यावर अडलेलं, ही गोष्ट तुम्ही तुमच्याच वाडीत पाहिली असेल. बाहेरचा गवंडी चार घरांची कामं धरतो आणि चारही अर्धी ठेवतो. तिथे वाडीतल्याच चार-पाच जणींनी मिळून एक घर धरलं तर? दोघी थापीवर, दोघी मालावर, आठवड्यानं अदलाबदल. महाआवास अभियानात बचत गटांनी चालवायची "घरकुल मार्ट" ही कल्पना आली, म्हणजे सिमेंट, पत्रे, दारं-खिडक्या गटाच्याच दुकानातून. सामान गटाचं आणि हातही गटातल्या बायांचे, हे जुळणं काही अशक्य नाही.

आणि घर बायाच बांधत असतील तर काही गोष्टी आपोआप सुधारतील असं मला वाटतं. मोरीचं पाणी कुठे जाणार, चुलीचा धूर कुठून निघणार, ओट्याची उंची किती, जोतं पावसाच्या पाण्याच्या वर आहे का, हे सगळं रोज भोगणारी बाईच थापी धरून उभी असेल.

एक सावधगिरीची गोष्ट. पैसे द्या, घरबसल्या सर्टिफिकेट देतो, असं म्हणणारे भेटतील. त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा. सरकारी योजनेतल्या प्रशिक्षणाला आपण फी भरत नाही, आणि परीक्षेशिवाय प्रमाणपत्र नसतं.

आता कागदपत्रं लिहून घ्या. आधार कार्ड, स्वतःच्या नावाचं बँक पासबुक, रेशन कार्ड, दोन फोटो, असेल तर शाळेचा दाखला आणि जातीचा दाखला. आधारला जोडलेला मोबाईल नंबर स्वतःचा हवा. तो मुलाचा असेल आणि मुलगा पुण्याला असेल, तर ओटीपी पुण्याला जातो आणि आपण सेवा केंद्रावर बसून राहतो. गुरुवारी बाजाराला अकोल्यात आलात तर आधी नंबर बदलून घ्या, मग भाजी घ्या.

गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. कोण-कोण तयार आहे, त्यांची नावं ग्रामसंघाकडे द्या आणि यादीची एक प्रत आमच्याकडेही पाठवा. पंचायत समितीत जाताना आम्हीही बरोबर येऊ.